दडवलेली भूक

११ सप्टेंबर १९७४. इथिओपियाच्या पंचांगात हा वर्षाचा पहिला दिवस. त्यांची कालगणना आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षं मागून चालते, वर्षाचे महिने तेरा, आणि नवं वर्ष येतं ते पावसाळा ओसरताना. डोंगरउतार पिवळ्या फुलांनी भरून गेलेले असतात आणि मुली ती फुलं घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात. आपल्याकडच्या भोंडल्याची आठवण यावी असा हा सण. त्या वर्षी सणाच्या रात्री अदिस अबाबात ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांना एक चित्रपट दाखवण्यात आला.

चित्रपट मूळचा ब्रिटिश. जोनाथन डिंबलबी नावाच्या तरुण पत्रकारानं आदल्या वर्षी उत्तरेकडच्या वोलो प्रांतात जाऊन तो केला होता. मदतकेंद्राबाहेर भुईवर पसरलेली माणसं, हाडांवर कातडं राहिलेली मुलं, कापडात गुंडाळलेली प्रेतं. ऑक्टोबर १९७३मध्ये तो ब्रिटनमध्ये दाखवला गेला तेव्हा जगाला वोलोचं नाव कळलं. अदिस अबाबात मात्र तो जसाच्या तसा दाखवला नाही. देशाची सूत्रं हाती घेत चाललेल्या लष्करी समितीनं त्यात मधे मधे राजवाड्यातली दृश्यं जोडली होती: लग्नाचा उंच केक, मेजवान्या, राजवाड्यातल्या कुत्र्यांना भरवलं जाणारं मांस. एक दृश्य वोलोचं, एक राजवाड्याचं. ‘दडवलेली भूक’ असं त्याला नाव दिलं होतं. ८२ वर्षांच्या सम्राटालाही त्या रात्री टीव्हीसमोर बसायला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही लष्करी अधिकारी राजवाड्यात आले आणि उभ्या उभ्या एक जाहीरनामा वाचून सम्राट हैले सेलासी पहिले यांना पदच्युत केल्याचं सांगितलं. बाहेर एक फोक्सवॅगन बीटल उभी होती. पुढची सीट वाकवून मागे शिरावं लागतं अशी ती छोटी मोटार. ज्याच्या ताफ्यात रोल्स रॉइस होत्या तो माणूस क्षणभर थबकला, मग वाकून आत बसला. रस्त्यावर जमलेले लोक ‘लेबा! लेबा!’ ओरडत होते. अम्हारिक भाषेत लेबा म्हणजे चोर.

या एका दिवसाबद्दल मी गेली कित्येक वर्षं जे मिळेल ते वाचत आलो आहे. त्याचं कारण इथिओपियात नाही, बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात आहे. वोलोत माणसं मरत होती त्याच महिन्यांत आमच्याकडेही बहात्तरचा दुष्काळ होता. मी आठ वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची आणि आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत उभे राहायचो.

या सम्राटाला एका रात्रीच्या चित्रपटावरून मोजणं बरोबर नाही, हे आधीच सांगायला हवं. हा सम्राट, मूळ नाव तफारी मकोनेन, १८९२ साली हरारजवळ जन्मला. हे हरार आपल्याला अगदी परकं नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर त्याच मुलखातला, गुलाम म्हणून विकला जात जात अहमदनगरला पोचलेला. जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच. हबशाण म्हणजे आजचा इथिओपिया, हे आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होतं.

तफारी १९१६मध्ये राज्यपालक झाला आणि नोव्हेंबर १९३०मध्ये हैले सेलासी या नावानं सिंहासनावर बसला. राजा सॉलोमन आणि शेबाची राणी यांच्यापासून अखंड चालत आलेला वंश, असं त्याच्या राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. १९३५मध्ये मुसोलिनीच्या फौजा देशात घुसल्या, विमानांतून विषारी वायू फवारला गेला. जून १९३६मध्ये हा लहानखुरा माणूस जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभा राहिला आणि त्यानं जगाला जाब विचारला. जगानं काही केलं नाही. विजनवासाची पाच वर्षं, त्यांतली बरीचशी इंग्लंडमधल्या बाथ गावात, काढून ५ मे १९४१ रोजी तो आपल्या राजधानीत परतला. १९६३मध्ये आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली तीही त्याच्याच शहरात. गुलामगिरीतून मान वर काढणाऱ्या खंडाला हा म्हातारा आधार वाटत होता, आणि तो आधार खरा होता.

पण देशाच्या आत जमीन कुणाची, हा प्रश्न त्यानं कधी हाताळला नाही. उत्तरेत भावकीच्या हक्काची जमीन होती. दक्षिणेत, जिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट मेनेलिकच्या फौजांनी मुलूख जिंकला, तिथं सरदार, सैनिक आणि चर्च मालक झाले आणि कसणारे कूळ. पिकाचा निम्मा वाटा मालकाला, कुठं कुठं त्याहूनही जास्त. शिवाय वेठ, सणासुदीला मध आणि कोंबडी. हे वाचताना मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

सम्राटानं एक चांगली गोष्ट केली आणि तीच पुढं त्याच्या मुळावर आली. डिसेंबर १९६०मध्ये तो परदेशी असताना त्याच्याच अंगरक्षक दलानं बंड केलं. ते चार दिवसांत मोडलं, पण राजवाड्याच्या एका दालनात ओलीस धरलेले मंत्री आणि सरदार गोळ्या घालून मारले गेले. त्यानंतर सम्राटानं तो राजवाडाच विद्यापीठाला देऊन टाकला. आजही तो तिथं आहे. इटालियनांनी अंगणात बांधलेला, मुसोलिनीच्या सत्तेच्या प्रत्येक वर्षाला एक पायरी असलेला जिना अजून उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर नंतर बसवलेला यहुदाचा, म्हणजे राजवंशाच्या बोधचिन्हाचा, छोटा सिंह. याच आवारातून फेब्रुवारी १९६५मध्ये विद्यार्थी संसदेवर चालून गेले. त्यांची घोषणा होती ‘मेरेत ले-अराशू’. शब्दशः मराठी करायची तर नवी जुळवाजुळव करावी लागत नाही, कारण ती आपल्याकडे आधीपासून आहे: कसेल त्याची जमीन.

आता वोलो.

पाऊस लागोपाठ चुकला हे खरं. पण अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या दुष्काळांवरील पुस्तकात वोलोची जी चिकित्सा केली आहे, ती वाचल्यावर पावसाकडे बोट दाखवून गप्प बसता येत नाही. १९७३मध्ये साऱ्या देशाचं धान्योत्पादन फार घटलेलं नव्हतं. प्रांताचं मुख्य ठिकाण असलेल्या देसीच्या बाजारात धान्याचे भावही फारसे भडकले नव्हते. कारण पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या हातात विकत घ्यायला पैसाच नव्हता. उलट वोलोतून थोडंफार धान्य बाहेर जात होतं, कारण अदिस आणि अस्मारामध्ये गिऱ्हाईक होतं. पूर्वेच्या सखल भागातल्या अफार पशुपालकांची कथा आणखी कडू. अवाश नदीकाठची त्यांची उन्हाळी कुरणं कापसाच्या व्यापारी शेतीखाली गेली होती. ऐन दुष्काळात जनावरं न्यायला जागा उरली नव्हती.

अदिसहून उत्तरेला अस्मारापर्यंत जाणारा हमरस्ता वोलोतून जातो. १९७३च्या सुरुवातीपासून माणसं डोंगर उतरून या रस्त्यावर येऊन बसू लागली. जाणाऱ्या मोटारी थांबवून ती भाकरी मागत. शेकडो शेतकरी पायी राजधानीकडे निघाले, त्यांना पोलिसांनी परत पाठवलं. अदिसच्या विद्यापीठातले काही प्राध्यापक वोलोत जाऊन छायाचित्रं घेऊन आले, त्यांत भूगोलाचे मेस्फिन वोल्दे-मरियम होते. विद्यापीठात ती छायाचित्रं मांडली गेली. विद्यार्थी उसळले, देसीत गोळीबार झाला. आणि सरकार? सरकार म्हणत राहिलं की आहे ते आटोक्यात आहे. सम्राटाचं नाव राखायचं होतं, परदेशी पाहुणे यायचे होते. परदेशी संस्थांना परिस्थिती ठाऊक होती, पण यजमान दुखावेल म्हणून त्याही हळू आवाजात बोलल्या. मृतांचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. सम्राट वोलोत गेला तो नोव्हेंबर १९७३मध्ये, ब्रिटनमध्ये चित्रपट दाखवून झाल्यावर.

त्याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? बहात्तरच्या दुष्काळाचं गोड चित्र मी रंगवणार नाही. जनावरं कवडीमोलानं गेली. आमचे दोन्ही बैल गेले, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. मजुरीचे पैसे आठवडे आठवडे अडकत. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडकत असे. पण कामं निघाली होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. आणि ती कामं सरकारच्या केवळ दयेनं निघालेली नव्हती. तहसील कचेरीवर रोज मोर्चे जात होते. विधानसभेत विरोधक सरकारला धारेवर धरत होते. जिल्ह्याच्या छोट्या छोट्या वर्तमानपत्रांत कुठल्या गावाला टँकर गेला नाही हे छापून येत होतं. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर बायकांना घेऊन महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. अहिल्याताई कम्युनिस्ट होत्या, मृणालताई समाजवादी. दोघींनाही सत्ता मिळवण्याआधी भुकेबद्दल मोठ्यानं बोलता येत होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढं ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी महाराष्ट्राचा हा दुष्काळ टळलेल्या भूकबळींचं उदाहरण म्हणून अभ्यासला. या दुष्काळातूनच वि. स. पागे यांच्या पुढाकारानं रोजगार हमीचा कायदा आला.

मी आईला वोलोची हकीकत सांगितली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, ‘‘तिकडं कामं निघाली न्हाईत व्हय रं? कुणी मोर्चा न्हाई काढला?’’

मोर्चा निघाला, पण तो बराकीतून. १२ जानेवारी १९७४ रोजी दक्षिणेकडच्या नेगेले या लष्करी ठाण्यात सैनिकांनी बंड केलं. मागणी साधी होती. पाण्याचा पंप बिघडला होता, अन्न खाण्यालायक नव्हतं आणि अधिकारी आपल्या विहिरीचं पाणी देत नव्हते. चौकशीला आलेल्या जनरललाच सैनिकांनी अडकवून ठेवलं आणि आपलंच अन्न, आपलंच पाणी त्याच्यापुढे ठेवलं. फेब्रुवारीत पेट्रोलच्या भाववाढीमुळे टॅक्सीवाले संपावर गेले, शिक्षक संपावर गेले, विद्यार्थी तर रस्त्यावर होतेच. महिनाअखेर पंतप्रधान अकलिलू हब्ते-वोल्द यांनी राजीनामा दिला. जूनअखेरीस लष्कराच्या निरनिराळ्या तुकड्यांनी आपले प्रतिनिधी अदिसला पाठवले. शिपाई, हवालदार आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंतचे अधिकारी, शंभराहून जास्त माणसं. त्यांच्या समितीला नाव पडलं ‘देर्ग’. जुन्या गीझ भाषेत देर्ग म्हणजे नुसतं समिती. हरारच्या तिसऱ्या डिव्हिजननं पाठवलेला एक मेजर त्यात होता, मेंगिस्तू हैले मरियम.

त्या पावसाळ्यात त्यांनी एकेक मंत्री, एकेक सरदार अटक केला. बहुतेकांनी निरोप आल्यावर स्वतःच येऊन अटक करून घेतली. समितीची घोषणा होती ‘इथिओपिया आधी’, आणि तिला जोडून म्हटलं जाई, ‘रक्ताचा थेंब न सांडता’. सप्टेंबरपर्यंत ती खरीही होती. सॉलोमनचा वंश सांगणारी राजवट एका बीटल गाडीत बसून गेली आणि एक गोळी झाडली गेली नाही.

२३ नोव्हेंबरच्या रात्री ती घोषणा संपली. देर्गनं पुढं केलेले जनरल अमान अंदोम यांचं समितीशी बिनसलं होतं. ते आपल्या घरातच चकमकीत मारले गेले. त्याच रात्री तुरुंगातल्या ५९ जणांना बाहेर काढून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत दोन माजी पंतप्रधान होते आणि सम्राटाचा नातू, नौदलप्रमुख इस्किंदर देस्ता होता. वोलोच्या भुकेला जबाबदार कोण, हे शोधायला एक चौकशी आयोग बसला होता, तेच प्राध्यापक मेस्फिन त्याचे अध्यक्ष. ज्यांची चौकशी व्हायची त्यांपैकी अनेकजण आयोगाचं काम पुरं व्हायच्या आधीच एका खड्ड्यात गेले. मला या रात्रीचं वाईट वाटतं ते केवळ साठ माणसांसाठी नाही. भूक कुणी लपवली, कशी लपवली, कुठल्या टेबलावर कुठला कागद अडला, हे त्या आयोगाला उलगडता आलं असतं. त्याऐवजी शत्रू संपवले आणि प्रश्न मिटला असं धरण्यात आलं. भूक लपवण्याची यंत्रणा जिथल्या तिथं राहिली.

डिसेंबरात समाजवादाची घोषणा झाली. या शिपायांना मार्क्सवाद कुठून आला? विद्यार्थ्यांकडून. बराकीत वाढलेल्या, फारसं न शिकलेल्या माणसांच्या हाती देश आला होता, आणि ‘सामंतशाही’, ‘साम्राज्यवाद’, ‘कष्टकरी जनता’ हे तयार शब्द विद्यापीठाच्या आवारात, युरोप-अमेरिकेतून परतलेल्या तरुणांच्या पत्रकांत होते. समितीनं ते उचलले. शब्द ज्यांचे होते त्यांना आधी सल्लागार केलं आणि नंतर मारलं.

तरीही ४ मार्च १९७५ या दिवसाजवळ मला थांबावंसं वाटतं. त्या दिवशी ग्रामीण भागातली सारी जमीन राष्ट्राची झाल्याचं जाहीर झालं. कुळाचं नातं संपलं. एका कुटुंबाला जास्तीत जास्त दहा हेक्टर, विक्री नाही, गहाण नाही, खंडानं देणं नाही. मालकाचं देणं माफ, त्याचे बैल आणि अवजारं काही काळ कुळाकडेच. अदिसच्या रस्त्यांवर लाखोंचा जमाव उतरला, आणि तो कुणी ट्रकांत भरून आणलेला नव्हता. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या निम्मं पीक उचलून देणाऱ्यांनी पहिल्यांदाच आपल्या खळ्यावरचं सगळं धान्य घरी नेलं. आपल्याकडे कूळकायदा आला तेव्हा किती कुळांनी मालकाच्या धाकानं स्वतःच जमीन सोडून दिल्याचे अंगठे दिले, कोर्टकचेऱ्यांत किती पिढ्या गेल्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना या एका दिवसाची ताकद कळेल. मी तो दिवस या क्रांतीच्या खात्यावर मनापासून जमा करतो.

साठ हजारांच्या घरात विद्यार्थी आणि शिक्षक खेड्यांत पाठवले गेले, साक्षरता शिकवायला आणि शेतकरी संघ उभारायला. ती मुलं मनापासून गेली होती. त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की जमीन तुमची, आता सत्ताही तुमची. दुसरं वाक्य देर्गला नको होतं.

जुलैत शहरी जमीन आणि भाड्याची घरं सरकारजमा झाली आणि प्रत्येक वस्तीत ‘केबेले’ नावाची समिती आली. वॉर्डासारखी गोष्ट. भाडं, शिधापत्रिका, साखर, सगळं तिच्या हातून. ऑगस्टच्या २७ तारखेला पदच्युत सम्राट कैदेत वारला. प्रकृती बिघडली होती, असं रेडिओनं सांगितलं. १९९२मध्ये राजवाड्याच्या आवारात काँक्रीटखाली त्याची हाडं सापडली आणि पुढं न्यायालयात तो गुदमरवून केलेला खून ठरला.

अदिसच्या मेस्केल चौकात, उतारावर अर्धवर्तुळात पायऱ्या बांधलेल्या त्या प्रचंड मैदानाच्या कडेला, एक छोटं संग्रहालय आहे. उत्तरेत पुन्हा युद्ध पेटण्याआधी, काही वर्षांपूर्वी मी तिथं गेलो होतो. दाराशी तीन स्त्रियांचा पुतळा आहे. आत तिकीट नाही. पहिल्या दालनांत सम्राटाच्या काळाची छायाचित्रं, मग वोलो, मग बीटल गाडी, आणि मग भिंतीच्या भिंती चेहऱ्यांनी भरलेल्या. शाळेच्या ओळखपत्रावरचे असावेत तसे चेहरे. सोळा वर्षांचे, अठरा वर्षांचे, केसांचा मोठा पुंजका ठेवलेले, बेलबॉटमच्या काळातले. त्यानंतरच्या खोलीत काचेच्या कपाटांत कवट्या आणि हाडं रचून ठेवली आहेत, सामूहिक थडग्यांतून काढलेली. सोबत कपड्यांचे तुकडे, चपला. इथले काही मार्गदर्शक स्वतः तेव्हा तुरुंगात होते. मला हिंडवणारे गृहस्थ छळाच्या साधनांपाशी जराही थांबले नाहीत. भिंतीवरच्या एका फोटोपाशी मात्र थांबले, आणि मला पुढं जायला सांगितलं.

हे सगळे बहुतेक डावे होते. इथिओपियन पीपल्स रेव्होल्यूशनरी पार्टी हा विद्यार्थ्यांचा पक्ष लोकांचं सरकार मागत होता, लष्कराचं नव्हे. मेइसोन हा दुसरा मार्क्सवादी गट आधी देर्गबरोबर गेला. १९७६च्या शरदात पहिल्या गटानं शहरात हत्या सुरू केल्या. फेब्रुवारी १९७७मध्ये मेंगिस्तूनं समितीतले आपले प्रतिस्पर्धी ठार केले आणि तो एकटा उरला. १७ एप्रिलला याच चौकात, तेव्हाच्या क्रांती चौकात, त्यानं लाल द्रव भरलेल्या बाटल्या जमिनीवर फोडल्या आणि शत्रूंचं रक्त असंच सांडेल असं सांगितलं. केबेलेच्या पहारेकऱ्यांना बंदुका मिळाल्या. प्रेतं रस्त्यावर टाकून दिली जात, छातीवर पाटी लावलेली. आईनं रडायचं नाही. अनेक घरांकडून मुलाचं प्रेत देताना खर्ची पडलेल्या गोळीचे पैसे घेतले गेले. पहिला गट संपल्यावर मेइसोनची पाळी आली. मृतांचा आकडा दहा हजार म्हणणारे आहेत आणि लाखांत सांगणारेही. ज्या विद्यार्थ्यांनी वोलोची छायाचित्रं पाहून गोळ्या झेलल्या होत्या, ती पिढीच देशानं घालवली. पुढच्या वेळी ओरडायला कुणी उरलं नाही.

ओगादेनमधलं सोमालियाशी युद्ध, रशियन शस्त्रांचा पूर, क्यूबाच्या फौजा, हे सारं १९७७-७८मध्ये झालं आणि त्यानं मेंगिस्तूची खुर्ची पक्की केली. इथं एवढंच पुरे.

सप्टेंबर १९८४. क्रांतीला दहा वर्षं झाली. अदिसमध्ये कमानी उभारल्या, मार्क्स-एंगेल्स-लेनिनची भलीमोठी चित्रं लागली, उत्तर कोरियाहून सजावटीचे जाणकार आले. लाल तारा माथ्यावर घेतलेला उंच स्तंभ त्याच सुमाराचा. इथिओपियाच्या कामगार पक्षाची स्थापना व्हायची होती. मेंगिस्तूनं तासन्‌तास भाषण केलं आणि त्यात दुष्काळाला जवळजवळ जागाच नव्हती. तेव्हा वोलो पुन्हा रस्त्यावर येऊन बसला होता. तोच प्रांत, तोच हमरस्ता.

खबर नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. वोलोच्या पहिल्या दुष्काळानंतर मदत आणि पुनर्वसनाचं एक सरकारी खातंच उभारलं गेलं होतं. त्यानं मार्च १९८४मध्ये पन्नास लाख लोक संकटात असल्याचं जगाला सांगितलं होतं. त्या खात्याचे प्रमुख दावित वोल्दे गिओर्गिस स्वतः देर्गच्या राजवटीतले. पुढच्या वर्षी ते देश सोडून गेले आणि ‘रेड टिअर्स’ या पुस्तकात त्यांनी लिहिलं की उत्सव पार पडेपर्यंत दुष्काळाचा गवगवा नको, असा वरून दट्ट्या होता. परदेशी पत्रकारांना उत्तरेत जायचे परवाने उत्सव उरकल्यावरच मिळाले. २३ ऑक्टोबरला बीबीसीच्या मायकेल ब्यूर्कनं कोरेमच्या माळावरची पहाट दाखवली आणि जग हादरलं.

दहा वर्षांपूर्वी ज्या परदेशी चित्रपटाच्या जोरावर ही राजवट सत्तेवर आली होती, तसलाच परदेशी चित्रपट तिलाही लागला. यंत्रणा तीच होती, उलट आता अधिक घट्ट. सम्राटाच्या काळी धान्य व्यापाऱ्याकडे जात होतं, आता सरकारी महामंडळ ठरवलेल्या भावानं शेतकऱ्याकडून कोटा वसूल करत होतं आणि शहर आणि सैन्य पोसत होतं. खासगी धान्यव्यापारावर बंधनं होती, म्हणून पिकलेल्या भागातलं धान्य न पिकलेल्या भागात जाईना. तिग्रे आणि एरिट्रियात बंडखोरांशी लढाई चालू होती, तिथं मदतच अडवली जात होती. मग उत्तरेतली सहा लाखांच्या आसपास माणसं नैर्ऋत्येकडच्या मलेरियाच्या मुलखात हलवली गेली, पुष्कळांना बळजबरीनं. अन्न घ्यायला केंद्रावर आलेला माणूस ट्रकात बसवून नेला जाईल, ही भीती पसरली तेव्हा काही भुकेली माणसं केंद्राकडेच फिरकेनात. या दुष्काळात चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत माणसं गेली, म्हणजे सम्राटाच्या काळात गेली त्यांच्या कित्येक पट.

त्या रस्त्यानं मी देसीपर्यंत गेलो. वाटेत इटालियनांनी डोंगरात खोदलेला बोगदा लागतो, मग रस्ता घाटाघाटानं खाली उतरून पुन्हा चढतो. खालच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. आपली ज्वारी मूळची आफ्रिकेच्या याच कोपऱ्यातून हजारो वर्षांपूर्वी निघालेली. कणसं भरलेली होती आणि एका मचाणावर बसून एक पोरगा गोफणीनं पाखरं हाकत होता. जमीन आजही सरकारची आहे, १९९५च्या राज्यघटनेतही विकायला बंदी आहे. पण या भागात कसणाऱ्याला नवऱ्याबायकोच्या फोटोसह एक पुस्तिका मिळते. आमच्या सातबाऱ्यावर आईचं नाव वडील गेल्यावर लागलं.

मे १९९१मध्ये बंडखोर फौजा राजधानीच्या दाराशी आल्या. २१ तारखेला मेंगिस्तू विमानानं झिंबाब्वेला पळाला, दोन दिवसांनी लेनिनचा पुतळा पाडला गेला. आलेले नवे राज्यकर्तेही मार्क्सच वाचून जंगलात गेलेले होते. ५ नोव्हेंबर २००० रोजी हैले सेलासीला ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये पुरलं. ग्रॅनाइटच्या भव्य शवपेटीत तो आहे, शेजारी राणी मेनेन. बाहेर आवारात नोव्हेंबरच्या त्या रात्री मारलेल्यांचं स्मारक आहे.

देर्गवरचा खटला १९९४मध्ये उभा राहिला आणि बारा वर्षं चालला. पुरावे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. या राजवटीनं माणसं मारायचे हुकूम सही-शिक्क्यानिशी जपून ठेवले होते. डिसेंबर २००६मध्ये मेंगिस्तू आणि त्याचे सहकारी नरसंहाराचे दोषी ठरले, २००८मध्ये त्याला गैरहजेरीत मृत्युदंड झाला. झिंबाब्वेतून त्याला कुणी परत पाठवलं नाही. आरोपपत्रात सम्राटाचा खून होता, त्या रात्रीचे साठजण होते, भिंतीवरची मुलं होती, बेकायदा कैद होती, बळकावलेली मालमत्तासुद्धा होती.

कोरेमचा माळ त्यात नव्हता.